मॉरिस मायनर गरम झाली की बंद पडते? ती थंड व्हायच्या आत तपासा

लक्षण असं. सकाळी थंड गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. चोक हळूहळू आत जातो, आयडलिंग एकसारखं लागतं, गावातून आणि मोठ्या रस्त्याने गाडी अर्धा तास सुरेख चालते. मग एखादा लांब चढ लागतो, किंवा ट्रॅफिकमध्ये रांगत जावं लागतं, आणि गाडी आचके देऊन किंवा एकदम गप्प होऊन बंद पडते. बॉनेट उघडं टाकून थांबलं की थोड्या वेळाने काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. घरी आणून तपासलं तर सगळं ठीक. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

माझी गाडी 1959 ची मायनर 1000, दोन दारांची, 948 सीसी, 37 अश्वशक्ती. मी इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलंड्सला राहतो, त्यामुळे वेल्सचे डोंगर एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहेत. श्रूझबरीहून लँगॉलेनकडे जाणारा ए5 हा थॉमस टेलफर्डने घोडागाड्यांसाठी बांधलेला रस्ता. त्याचे चढ इतके हलके की मायनर टॉप गिअरमध्येच निघून जाते. लँगॉलेनच्या पुढे हॉर्सशू पासचा घाट लागला की मात्र सगळं बदलतं. रस्ता 417 मीटरपर्यंत चढतो. थर्ड, मग सेकंड गिअर, वेग कमी, रेडिएटरमधून जाणारी हवा कमी, आणि इंजिनावरचा भार सगळ्यात जास्त. हे दुखणं असल्याच ठिकाणी डोकं वर काढतं.

यावर पहिला सल्ला ठरलेला असतो: "व्हेपर लॉक आहे," म्हणजे उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. मग कुणी पेट्रोलच्या पाइपला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळतं, कुणी लाकडी चिमटे लावतं, कुणी थेट नवा पंप बसवतं. व्हेपर लॉक खरंच होतो, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण माझ्या अनुभवात व्हेपर लॉकच्या नावावर जमा झालेल्या निम्म्याहून जास्त केसेस स्पार्कच्या निघतात. कंडेन्सर, रोटर, कॉइल (ठिणगीसाठी जोरदार करंट तयार करते ती), डिस्ट्रिब्युटरमधली (तो करंट एकेका प्लगला वाटतो त्यातली) एखादी वायर, हे सगळं गरम झाल्यावरच दगा देतं आणि थंड झालं की पुन्हा कामाला लागतं. म्हणून वाट बघत बसणं हेच सगळ्यात नुकसानीचं. अर्धा तास थांबलात की गाडी सुरू होईल, घरीही पोहोचाल, पण निदान करण्याची संधी गेली. जे काही समजायचं ते बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांतच समजतं.

सुरक्षेचं आधी. या गाड्यांना हॅझर्ड लाइट नसतात. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, त्रिकोण लावा, सोबतच्या माणसांना गाडीतून उतरवून कडेला उभं करा. मोटरवेवर असाल तर तपासणी विसरा आणि कठड्यापलीकडे जाऊन मदत बोलवा.

बंद कशी पडली ते आठवा

आधी आचके, मग ताकद कमी, ॲक्सिलरेटर सोडल्यावर जरा बरं, पुन्हा दाबला की मान टाकली, असं झालं असेल तर संशय पेट्रोलवर. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा, हळूहळू रिकामा होत जातो, म्हणून गाडीही हळूहळू मरते. कुणी चावी फिरवून बंद करावी तशी क्षणात गप्प झाली असेल, तर संशय करंटवर. सायलेन्सरमध्ये फटाके फुटत, मिसिंग मारत बंद पडली असेल तर कंडेन्सर किंवा पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क). हे शंभर टक्के खरं नसतं, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून कळतं.

आता पंप ऐका

मायनरमध्ये एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप इंजिनामागे फायरवॉलवर असतो. चावी फिरवली की टिक-टिक-टिक, मग टिक... टिक..., मग शांत. ज्याने ही गाडी चालवली आहे त्याच्या कानात तो आवाज कायमचा बसतो. आत एक कॉइल डायफ्रॅमला ओढते, टोकाला गेल्यावर पंपातले पॉइंट उघडतात, मग स्प्रिंग डायफ्रॅमला परत ढकलते आणि पेट्रोल पुढे जातं. फ्लोट चेंबर भरला, त्याची वाट बंद करणारी नीडल बसली, की पेट्रोलला पुढे जायला वाट नसते आणि पंप थबकतो. म्हणजे हा पंप पेट्रोल पुरवतो आणि पुरवठा कसा चाललाय ते सांगतोही. आधुनिक गाड्यांमध्ये हे सुख नाही.

बंद पडल्याबरोबर चावी चालू करून कान द्या. चावी फार वेळ चालू ठेवू नका, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट मिटलेले असतील तर इग्निशन कॉइल उगाच तापते. मिनिटभर पुरे.

पंप चार-सहा टिक करून थांबला तर फ्लोट चेंबर बहुधा भरलेला आहे आणि तुम्ही थेट स्पार्ककडे जायला हरकत नाही. पंप घाईघाईने टिकटिकतच राहिला, थांबायचं नावच नाही, तर तो पेट्रोलऐवजी हवा किंवा वाफ ओढतोय. खरा व्हेपर लॉक असा ऐकू येतो. टाकी आणि पंप यांच्यामधल्या जोडातून हवा घेत असेल तरी आवाज हाच, म्हणून तो फरक घरी जाऊन बघायचा.

आणि एकही टिक आली नाही तर? पंपाच्या धातूच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच टिचकी मारा, बॅकेलाइटच्या टोपीवर नको. टिचकीनंतर धडाधड सुरू झाला तर पंपाचे पॉइंट काजळलेत. काहीच झालं नाही तर पंपाची अर्थिंग बघा. आणि पंपही मुका, स्पार्कही नाही, अशी स्थिती असेल तर दोघांपैकी एकालाही दोष देऊ नका. मायनरमध्ये पंप आणि कॉइल दोन्हींना करंट इग्निशन स्विचमधून पांढऱ्या वायरने येतो. तो स्विच, नाहीतर त्या वायरवरचा लुकास कंपनीचा एखादा बुलेट कनेक्टर (गोळीच्या आकाराचा वायरीचा जोड) गंजलेला असणार. जोड हाताने हलवून बघा, बऱ्याचदा तिथल्या तिथे टिकटिक सुरू होते.

पेट्रोलचा संशय असेल तर आणखी एकच गोष्ट रस्त्यावर करा: टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर पंप शांतपणे भरू लागला, तर टाकीचा श्वास कोंडला होता. झाकणाचं भोक बुजलं, किंवा कुणीतरी भोक नसलेलं झाकण आणून बसवलं. हा दोष साधा आहे, पण नेमका अर्ध्या तासाने दिसतो, म्हणून गरम होण्याशी त्याचं नातं जोडलं जातं.

कार्ब्युरेटरचा पाइप काढून पेट्रोल येतंय का ते बघायचा मोह होईल. रस्त्यावर ते करू नका. मायनरच्या ए-सिरीज इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात आणि कार्ब्युरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेला असतो. तिथे सांडलेलं पेट्रोल पेटू शकतं. ती तपासणी घरी, इंजिन थंड असताना, पाइपचं टोक बाटलीत लांब धरून करा. चांगला पंप मिनिटाला साधारण अर्धा लीटर पेट्रोल देतो.

स्पार्क

या इंजिनात प्लग आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपल्या मेकॅनिकचा डेल्को, कार्ब्युरेटरच्या पलीकडच्या बाजूला आहेत. त्यामुळे रस्त्यावर स्पार्क बघणं तुलनेने निर्धोक. एका प्लगची वायर काढा, त्यात जवळचा जादा प्लग बसवा, प्लगचं अंग ब्लॉकला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, जाड, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळसर, बारीक, मध्येच गायब होणारी ठिणगी म्हणजे दुखणं सापडलं.

मग डेल्कोचं झाकण काढा. पॉइंट मिटलेल्या स्थितीत आहेत ना ते बघा, चावी चालू करा आणि लाकडी काडीने पॉइंट उघडा-मिटा करा. बारीकशी ठिणगी चालते. पॉइंटवर मोठी निळी चमक उडत असेल तर कंडेन्सर गेला. सध्या नवे मिळणारे बरेच कंडेन्सर इतक्या हलक्या प्रतीचे आहेत की तुमचा जुना, चालू असलेला कंडेन्सर "सर्व्हिसिंगच्या वेळी सहज" म्हणून बदलू नका, असं मी सगळ्यांना सांगतो. दोष अनेकदा नेमका सर्व्हिसिंगनंतर सुरू होतो, त्याचं कारण हेच.

रस्त्यावरचा उपाय सोपा आहे. एका जादा कंडेन्सरच्या वायरीला आधीच क्लिप लावून ठेवायची. कंडेन्सरचं अंग कॉइलच्या बाजूच्या एखाद्या बोल्टखाली चिमटायचं आणि वायर कॉइलच्या ‘सीबी’ टर्मिनलला, म्हणजे डेल्कोकडे वायर जाते त्याच टर्मिनलला जोडायची. डेल्कोमधल्या बिघडलेल्या कंडेन्सरची वायर मोकळी करायची. काम तेच होतं, शिवाय बाहेर तो कमी तापतो. या जोडणीवर गाडी आरामात घरी जाते. कित्येकांनी ती कायमची तशीच ठेवली आहे आणि माझ्या मते त्यात काहीही चुकीचं नाही.

कंडेन्सर ठीक असेल तर रोटर, म्हणजे डेल्कोच्या झाकणाखाली शाफ्टवर फिरणारा तुकडा. कॉइलची जाड वायर झाकणातून काढून तिचं टोक रोटरच्या मधल्या पितळी पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटरवर धरा, इन्सुलेटेड पक्कडीनेच, आणि पॉइंट पुन्हा उघडा-मिटा. रोटरवर ठिणगी पडता कामा नये. पडत असेल तर करंट रोटरच्या पोटातून खाली शाफ्टला गळतोय. हलक्या प्रतीच्या रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते आणि गळती तिथूनच होते. रिव्हेट नसलेला, लाल रंगाचा चांगला रोटर मिळतो. त्याला चार पैसे जास्त द्या.

कॉइल: बऱ्याच मायनरमध्ये ती डायनामोच्या डोक्यावर बसवलेली असते, म्हणजे आधीच तापलेल्या वस्तूवर. हात ठेववत नाही इतकी गरम असेल तर घरी मीटर लावून बघा. बॅलास्ट (कॉइलचा करंट कमी करणारा रेझिस्टर) नसलेल्या गाडीला प्रायमरी सुमारे 3 ओहमची कॉइल लागते. कुणीतरी दीड ओहमची, बॅलास्टवर चालणारी कॉइल बसवली असेल तर ती भाजून निघते आणि पॉइंटही जाळते.

राहिली ती आतली छोटी वायर, पॉइंटपासून डेल्कोच्या कडेच्या टर्मिनलपर्यंत येणारी. व्हॅक्यूम ॲडव्हान्सबरोबर (इंजिनाच्या ओढीवर ठिणगीची वेळ बदलणारी यंत्रणा) पॉइंटखालची बेसप्लेट पुढेमागे हलते आणि तिच्यासोबत ही वायरही. वर्षानुवर्षं हलून आतली तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत. आयडलिंगला गाडी ठीक, ॲक्सिलरेटर दाबला की बंद, असा खेळ ती करते. चिमट्याने हलकेच ओढून बघा. रबरासारखी ताणली गेली तर आत तार उरलेली नाही.

इतकं सगळं करायचं कशासाठी, असं कुणी विचारलं तर मला ही गाडी का हवीहवीशी वाटते ते सांगावं लागेल. पुण्यात माझ्या मामांकडे मॉरिस मायनर होती. हिवाळ्यात मामा हँडल मारायचे आणि आम्हा मुलांना चोक धरायचा मान मिळायचा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की तिच्या सायलेन्सरमधून जो ‘फुर्र’ आवाज यायचा, तो मी इथे आल्यावर एका गल्लीत ऐकला आणि गाडी दिसायच्या आधी ओळखला. ॲलेक इसिगोनिस या डिझायनरने ही गाडी 1948 साली आणली. उत्पादन सुरू व्हायच्या तोंडावर ती अरुंद वाटते म्हणून नमुना मधोमध कापून त्याने दोन्ही तुकडे चार इंच लांब सरकवले, आणि बॉनेटच्या मधली ती सपाट पट्टी त्या चार इंचांची खूण म्हणून शेवटपर्यंत राहिली. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. इथे साठीच्या पुढचं जवळजवळ प्रत्येक माणूस पेट्रोल पंपावर थांबून मला काहीतरी सांगतं. कुणाच्या आईने हिच्यावर ड्रायव्हिंग शिकलेलं असतं, कुणाला गावातली नर्स आठवते, कुणाला निळ्या-पांढऱ्या रंगाची पोलिसांची पॅंडा कार. रॅक अँड पिनियन स्टिअरिंग इतकं नेमकं आहे की अरुंद वेल्श रस्त्यांवर आजही तिच्याइतकं सुख दुसरी गाडी देत नाही. अशी गाडी भरवशाची नाही म्हणून शेडमध्ये झाकून ठेवावी लागणं मला सहन होत नाही. ती भरवशाची होती. रोज कामावर जाणाऱ्या माणसांनी ती वीस-वीस वर्षं वापरली. तिच्यात आज जे बिघडतं ते बहुतेक आपण नंतर घातलेले सुटे भाग आणि बदललेलं पेट्रोल यांच्यामुळे.

पेट्रोलचीच बाजू निघाली तर

पंप घाईने टिकटिकत राहिला होता, स्पार्क चांगली होती, झाकण उघडूनही फरक पडला नाही. आता व्हेपर लॉकचा विचार करा. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधं 95 ऑक्टेन पेट्रोल ई10, म्हणजे 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, झालं आहे. पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल मिसळलं की त्याची वाफ लवकर होते. त्यातही हिवाळी पेट्रोल मुद्दाम जास्त उडणारं बनवतात, म्हणून एप्रिल-मेमधल्या पहिल्या कडक उन्हात टाकीत ते शिल्लक असलं की त्रास हमखास. सुपर पेट्रोल पंपांवर बहुधा ई5 असतं. मी तेच भरतो आणि तेवढ्यानेही फरक पडतो.

पण पाइपला काही गुंडाळायच्या आधी इंजिन गरजेपेक्षा जास्त का तापतंय ते शोधा. ठिणगीचं टायमिंग मागे पडलं असेल किंवा मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असेल तर एक्झॉस्ट प्रमाणाबाहेर तापतो आणि वर बसलेला कार्ब्युरेटर उकळतो. इथेनॉलमुळे मिश्रण आपोआप पातळ होतं, हे लक्षात ठेवा. एसयू कार्ब्युरेटरवर तपासणी अगदी सोपी आहे: इंजिन गरम, आयडलवर, पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर वर उचला. आवाज क्षणभर वाढून पुन्हा पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर. इंजिन मरायला लागलं तर पातळ, मग जेटचा नट एक-दोन फ्लॅट (नटाच्या सहा बाजूंपैकी एक-दोन) खाली घ्या. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर जाड. मी पाहिलेल्या गरम होऊन थांबणाऱ्या गाड्यांत पातळ मिश्रण फार वेळा सापडलं.

त्यानंतर रबरी नळ्या. जुनी नळी बाहेरून ठणठणीत दिसते, पण इथेनॉलने आतून पापुद्रे सुटतात आणि ओढ लागली की ते झडपेसारखे बंद होतात. ‘आर9’ (इथेनॉल सोसणारा दर्जा) छापलेली नळी घ्या. टाकी मागे आणि पंप पुढे, त्यामुळे सगळी लांबी पंप ओढून आणतो. या बाजूच्या जोडातून गळती दिसणार नाही, फक्त हवा आत येईल. प्रत्येक क्लिप सोडून, नळीचं टोक कापून नव्याने बसवा. मग कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये जाड इन्सुलेटरचा ठोकळा आणि खाली उष्णतारोधक पत्रा. पंप मागे टाकीजवळ नेणं हा शेवटचा उपाय. त्याचा उपयोग होतो, पण आधीचं सगळं नीट केलेल्या गाडीला त्याची क्वचितच गरज पडते.

चालता चालता बंद पडणं वेगळं, आणि चहाला थांबल्यावर दहा मिनिटांनी सुरू न होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात इंजिन थांबतं, पंखा आणि पाणी थांबतं, आणि बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. थांबल्यावर बॉनेट जरा उघडं ठेवा, बस.

भारतात ज्यांच्याकडे मायनर, स्टँडर्ड हेराल्ड किंवा जुनी हिंदुस्तान आहे त्यांच्यासाठी थोडं. तिथे आता ई20 पेट्रोल आणि वर मे महिना, म्हणजे नळ्या, डायफ्रॅम आणि मिश्रण या तिन्हींकडे इथल्यापेक्षा जास्त लक्ष हवं. हेराल्डचा पंप मेकॅनिकल, इंजिनालाच चिकटलेला, त्यामुळे ब्लॉकची उष्णता थेट पेट्रोलला मिळते. खंडाळ्याच्या घाटात पंपावर ओलं फडकं टाकणारे ड्रायव्हर अनेकांनी पाहिले असतील. तो उपाय खराच आहे, आणि निदानही तोच करतो: फडकं टाकल्यावर दोन मिनिटांत गाडी सुरू झाली तर दोष पेट्रोलचा, नाही झाली तर डेल्को उघडा. फडकंच टाका, तापलेल्या पंपावर थेट पाणी ओतू नका, ओतीव धातूला तडा जाऊ शकतो.

डिकीत काय ठेवायचं ते शेवटी. क्लिप लावलेला कंडेन्सर, पॉइंटचा सेट आणि 15 थाऊचा (इंचाचे 15 हजारांश) फीलर गेज, चांगला रोटर, एक प्लग, थोडी वायर, दोन बुलेट कनेक्टर, पाण्याची बाटली, फडकं. बाजारात पॉइंटच्या ऐवजी इलेक्ट्रॉनिक युनिट मिळतात. बसवायचं असेल तर आधी गाडीची अर्थिंग बघा. मायनर मुळात पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, आणि उलटी जोडणी झाली की युनिट लगेच जळतं. पॉइंटचा जुना सेट तरीही बरोबर असू द्या. अग्निशामक मात्र डिकीत ठेवू नका, ड्रायव्हरच्या सीटखाली हाताशी हवा.